उसने राज्य

दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या वाड्यात सोऱ्या फिरत असे. साऱ्या वाड्यात मिळून तो एकच पितळी सोऱ्या, आणि तो तळमजल्यावरच्या मावशींचा. ज्या घरी चकल्या व्हायच्या त्या घरी तो जाई आणि काम झाले, की घासूनपुसून, वर चार चकल्या घेऊन मावशींकडे परत येई. एका वर्षी एका बिऱ्हाडाने तो परत केलाच नाही. मावशी मागायला गेल्या, तेव्हा त्या घरच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्याकडे तो नुसता पडून असतो. आम्ही बघा कसा निगुतीने ठेवलाय!" आणि खरेच, सोऱ्या आरशासारखा लखलखत होता. मावशी मुकाट्याने परत आल्या. माझी आई मात्र म्हणाली, "घासला छान. पण घासला म्हणून त्यांचा झाला का?"

आईचा हा प्रश्न मी पुढे विसरूनही गेलो असतो. पण वेहाईवेचा इतिहास वाचनात आला आणि तो पुन्हा समोर उभा राहिला.

वेहाईवे हे चीनच्या शांतुंग प्रांतातले, अगदी ईशान्येच्या टोकाचे बंदर. १८९५ च्या फेब्रुवारीत जपानने चीनच्या उत्तरेकडील आरमाराचा येथेच शेवट केला. आरमाराचा प्रमुख तिंग रुचांग याने शरणागतीच्या वेळी स्वतःचा जीव दिला. युद्धाची खंडणी फिटेपर्यंत जपानने बंदर तारण म्हणून ठेवून घेतले. १८९८ साली तारण सुटले. पण वस्तू धन्याच्या हाती पडते न पडते तोच, २४ मे रोजी तेथे इंग्रजांचे निशाण चढले! समुद्रापलीकडचे पोर्ट आर्थर बंदर रशियाने त्याच वर्षी पट्ट्याने घेतले होते. मग इंग्रजांनी मागे का राहावे? १ जुलैला करारावर सह्या झाल्या. हाँगकाँगलगतच्या मुलखाचा पट्टा त्याच वर्षी ९९ वर्षांचा ठरला. वेहाईवेची मुदत मात्र वर्षांत मोजलेली नव्हती. रशिया पोर्ट आर्थरमध्ये जोवर आहे तोवर इंग्रज वेहाईवेत राहणार, अशी अट होती. सुमारे २८८ चौरस मैलांचा मुलूख, तीनशेवर खेडी, दीड लाखाच्या आसपास माणसे. म्हणायला हा भाडेपट्टा, पण करारात भाड्याचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. त्यातली गंमत अशी, की या मुलखाच्या पोटात असलेले वेहाईवेचे जुने तटबंदीचे गाव चिनी अंमलाखालीच राहिले. घर दुसऱ्याने घेतले आणि देवघर तेवढे मालकाकडे ठेवले, असा तो प्रकार.

त्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांना कोणी काही विचारले नव्हते. १९०० साली हद्दीचे दगड रोवायला माणसे आली तेव्हा गावकरी अंगावर धावून गेले, गोळीबार झाला आणि त्यांच्यातले काही मेले. राज्याची सुरुवात ही अशी.

आणि तरीही, वाचकहो, या राज्याची पुढची हकीकत क्रौर्याची नाही. ती तशी असती तर प्रश्नच उरला नसता. १९०२ साली जेम्स स्टुअर्ट लॉकहार्ट हा पहिला मुलकी कमिशनर तेथे आला आणि १९२१ पर्यंत राहिला. तो चिनी भाषेचा आणि विद्येचा खरा जाणकार. त्याच्या हाताखाली १९०४ मध्ये रेजिनाल्ड जॉन्स्टन आला, तो तर त्याहून अवलिया. हाच गृहस्थ पुढे चीनच्या अखेरच्या बादशहाचा, पुयीचा, शिक्षक झाला. खेडुतांचे कज्जे तो त्यांच्याच भाषेत ऐकत असे. दत्तकाची भांडणे, थडग्यांच्या जागेचे तंटे, सासवासुनांच्या कागाळ्या, सारे त्याच्यापुढे येई. चिनी लोकांचे आपसांतले दिवाणी दावे न्यायाला आणि नीतीला सोडून नसलेल्या चिनी रिवाजानुसार चालवावेत, असा दंडकच होता. जमीनसारा पूर्वीप्रमाणे गावच्या मुख्यांकरवी गोळा होई. पुढे सारा मुलूख २६ भागांत वाटला गेला आणि प्रत्येक भागावर एक चिनी मुख्य नेमला गेला. आपल्याकडच्या पाटलासारखाच म्हणा ना. मधल्या दलालांनी गरिबाला नाडू नये म्हणून जॉन्स्टनने अर्जांसाठी कुलूपबंद पेटी ठेवली. त्या पेटीत अर्ज टाकला, की तो थेट साहेबाच्या हाती पडे. १९१० साली या मुलखावर त्याने जे जाडजूड पुस्तक लिहिले, त्यात खेड्यातल्या जुन्या चालीरीतींबद्दलचा त्याचा आदर पानोपानी दिसतो.

आता सांगा, या माणसाला लुटारू म्हणावे का?

असाच पेच आपल्याही घरांत कधीकाळी पडत असे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने आपल्याकडच्या पंचायती चालू ठेवण्याची खटपट केली होती. 'साहेबाच्या न्याया'ची वाखाणणी आपल्यापैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. ती ऐकून स्वातंत्र्याच्या अभिमानाला ठेच लागते. पण ते म्हातारे खोटे बोलत होते असेही म्हणवत नाही.

तेव्हा वेहाईवेचा हिशोब नीट मांडून पाहू. १९०५ च्या जानेवारीत पोर्ट आर्थर जपानने जिंकले. रशिया तेथून गेला, म्हणजे कराराच्या शब्दांप्रमाणे वेहाईवेची मुदत संपली. इंग्रज गेले का? छे! पोर्ट आर्थर आता जपानच्या हाती आहे, तेव्हा आम्हांलाही राहणे प्राप्त आहे, असा अर्थ लावण्यात आला. म्हणजे लॉकहार्ट आणि जॉन्स्टन यांनी जो चोख कारभार केला, त्यातला बहुतेक काळ मुदत उलटून गेल्यावरचा होता. सोऱ्या लखलखत होता खरा, पण तो परत करण्याचा दिवस केव्हाच होऊन गेला होता.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. वेहाईवेसाठी पैसा मागितला, की लंडनचे सरकार हात आखडता घेई. आज ना उद्या परत करायची वस्तू, तिच्यावर खर्च कशाला? आणि परत करण्याचा विषय निघाला, की घाई कशाला? उसनेपणाची आठवण खर्चाच्या वेळी होई आणि परतफेडीच्या वेळी तिचा विसर पडे. पहिल्या महायुद्धात युरोपात मजुरांचा तुटवडा पडला तेव्हा मात्र हा मुलूख चटकन आठवला. १९१७ च्या सुरुवातीला याच बंदरातून चिनी मजुरांची पहिली जहाजे फ्रान्सकडे निघाली. इंग्रजांनी चीनमधून असे सुमारे ९५ हजार मजूर नेले.

कोणी म्हणेल, तरीही त्या शेतकऱ्याचे नुकसान काय झाले? १९२५ ते १९२८ या काळात उरलेल्या शांतुंगात चांग त्सुंगचांगसारखा लष्करशहा प्रजेला पिळून काढत होता, आणि हद्दीच्या आत माणूस रात्री निर्धास्त झोपत होता. हा युक्तिवाद हलक्याने झटकण्यासारखा नाही. उपाशी माणसाला सार्वभौमत्वाचे प्रवचन देऊ नये, हे मला मान्य आहे. पण अर्जाच्या त्या पेटीचाच विचार करा. पेटी चांगली, साहेब चांगला. पण पेटीची किल्ली साहेबाच्या खिशात. कायदे करणारा कमिशनर एकटा. त्याला जाब विचारील अशी सभा नाही. उद्या दुसरा साहेब आला आणि त्याने पेटी काढून टाकली, तर शेतकरी काय करणार होता? त्याला न्याय मिळत होता, पण तो मागण्याचा हक्क त्याच्याजवळ नव्हता. दान कितीही मोठे असले तरी घेणाऱ्याचा हात खालीच राहतो.

पुष्कळ विचारांती मला वाटते, की येथे दोन खाती आहेत आणि आपण ती एकात मिसळतो म्हणून घोटाळा होतो. माणसाच्या सचोटीचे एक खाते, आणि हक्काचे दुसरे. पहिल्यातली जमा दुसऱ्यातल्या कर्जापोटी वळती करता येत नाही. जॉन्स्टनचा भलेपणा खरा होता आणि त्याच्या सरकारचा हक्क खोटा होता. दोन्ही वाक्ये शेजारीशेजारी नांदू शकतात. मात्र भल्या माणसावर एक जास्तीची जबाबदारी येते. वाईट कारभारी असला, तर लोकांना निदान आठवण राहते की घर आपले आहे. चांगला कारभारी असला, तर ती आठवण त्यालाच ठेवावी लागते.

१९२२ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत इंग्लंडने वेहाईवे परत करण्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात ते परत गेले १ ऑक्टोबर १९३० रोजी. तेव्हा कमिशनर होता तोच जॉन्स्टन. आपले प्रेमाचे राज्य स्वतःच्या हातांनी सोपवण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. बंदरासमोरच्या ल्यू कुंग बेटावरील सोयी तेवढ्या इंग्रज आरमाराने आणखी दहा वर्षे वापरायला मागून घेतल्या. सोऱ्या परत दिला आणि चकलीची चकती ठेवून घेतली! पुढे १९३८ साली जपानी आले. "पाहा, आम्ही असतो तर!" असे म्हणणारे तेव्हाही निघाले असतील. पण नंतर चोर आला म्हणून आधीचा उसनवार मालक ठरत नाही.

पाडव्याला आपण नव्या वह्यांची पूजा करतो. त्या वह्यांत न लिहिलेलीही पुष्कळ उसनवारी प्रत्येकाकडे असते. भावाच्या वाटणीचे शेत आपण कसतो, संस्थेची खुर्ची आपण सांभाळतो, मोठ्या झालेल्या मुलांचे निर्णय आपणच घेत राहतो. आपण सारे चांगलेच करत असतो, आणि धोका नेमका तेथेच असतो. वस्तू लखलखीत ठेवली आहे ना, एवढेच पाहून भागत नाही. ती परत करण्याचा दिवस उलटून तर गेला नाही ना, हेही एकदा पाहावे.