खऱ्याने किती सोडावे?

लूकच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. गर्दीतला एक माणूस पुढे येऊन येशूला विनवतो, की वडिलोपार्जित मालमत्तेतला माझा वाटा मला द्यायला माझ्या भावाला सांगा. प्रभू ते काम पत्करीत नाही. तुमचा वाटणीदार म्हणून मला कोणी नेमले, असे विचारून तो लोभाविषयी बोलू लागतो. वाडीच्या वाटण्या आणि बांधाचे तंटे ज्यांनी घरात पाहिले आहेत, त्यांना हे उत्तर थोडे खटकते. त्या माणसाचा वाटा खरोखरच न्यायाचा असला तर? त्याने लोभावरचे प्रवचन ऐकून रिकाम्या हाताने परत जावे काय?

तंटा मिटविण्याचे शहाणपण वयाबरोबर येते, अशी आपली समजूत. विसाव्या शतकात मात्र तो रीतसर अभ्यासाचा आणि अध्यापनाचा विषय झाला. अमेरिकेतील मेरी पार्कर फॉलेट या विदुषीने १९२५ साली एक साधा अनुभव सांगितला होता. हार्वर्डच्या ग्रंथालयातील एका लहान खोलीत कोणाला तरी खिडकी उघडी हवी होती, बाईंना ती बंद हवी होती. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली गेली. त्या व्यक्तीला मोकळी हवा हवी होती आणि बाईंना उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता. मागण्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या. गरजा तशा नव्हत्या.

पुढे त्याच हार्वर्डमध्ये कायदा शिकविणाऱ्या रॉजर फिशर यांनी हा विचार वर्गात आणला. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात हवामानाची टेहळणी करीत. युद्ध संपवून परतले तेव्हा त्यांचे कितीतरी सोबती मरण पावलेले होते. १९८१ साली विल्यम युरी यांच्यासह त्यांनी ‘गेटिंग टू येस’ हे पुस्तक लिहिले आणि १९८३ साली तेथे वाटाघाटींच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. मागणीच्या मागे दडलेली गरज शोधा, माणूस आणि प्रश्न यांची गल्लत करू नका, हे त्यांच्या शिकवणुकीचे सार. या विषयाच्या वर्गांतून विद्यार्थ्यांना पक्ष वाटून देतात आणि प्रत्येकाला गुप्त सूचनांचा एकेक कागद मिळतो. तास संपल्यावर दोन्ही कागद शेजारी ठेवले, की अनेकदा असे आढळते की एकाला जे सहज देता आले असते तेच दुसऱ्याला प्राणाइतके मोलाचे होते. आणि ते कोणी विचारलेच नव्हते!

पद्धत गुणाची आहे, यात शंका नाही. परंतु खिडकीच्या वादात खोटा असा कोणीच नसतो. बांधाच्या वादात बहुधा असतो. येल विद्यापीठातील ओवेन फिस यांनी १९८४ साली ‘अगेन्स्ट सेटलमेंट’ या लेखात याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवले. तडजोड करणारे दोघे क्वचितच तुल्यबळ असतात. ज्याला थांबणे परवडत नाही तो कमी घेऊन मोकळा होतो आणि आपण त्याला समेट म्हणतो. भांडण थांबले म्हणजे न्याय झाला असे नव्हे, हे त्यांचे म्हणणे मला आजवर खोडता आलेले नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या सुनेला ‘जरा जुळवून घे’ असे सांगणारी वडीलधारी मंडळी आपल्या धर्मग्रामांतही आहेत. तिथे मध्यस्थी करणे म्हणजे मारणाऱ्याचा हात बळकट करणे होय.

मग खऱ्या बाजूकडून काही मागण्याचा अधिकार मध्यस्थाला उरतो तरी काय? या प्रश्नाशी अडखळलो, की मला दक्षिण अमेरिकेच्या टोकाची तीन बेटे आठवतात. पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही बेटे बीगल खाडीच्या तोंडाशी आहेत. चिली आणि अर्जेंटिना या दोन्ही कॅथलिक देशांनी त्यांवर हक्क सांगितला होता. दोघांनी मिळून लवाद मान्य केला आणि १९७७ साली निवाडा चिलीच्या बाजूने लागला. १९७८च्या जानेवारीत अर्जेंटिनाने तो रद्दबातल ठरविला आणि डिसेंबरात दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकली. नाताळ तोंडावर आला असता पोप जॉन पॉल दुसरे यांनी मध्यस्थीची तयारी दर्शविली. त्यांना पोपपदावर येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी कार्डिनल अंतोनियो सामोरे यांना पाठविले. व्हॅटिकनच्या ग्रंथालयाचा आणि दप्तरखान्याचा कारभार पाहणारा हा वृद्ध मुत्सद्दी ब्यूनस आयरिस आणि सांतियागो यांच्यामध्ये खेपा घालीत राहिला. ८ जानेवारी १९७९ रोजी माँतेविदेओ येथे दोन्ही देशांनी बळाचा वापर न करण्याचे लिहून दिले.

दोन्हीकडे त्या वेळी लष्करी राजवटी होत्या आणि त्यांच्या तुरुंगांत माणसे नाहीशी होत होती. समोर बसणारी माणसे मध्यस्थाला निवडता येत नाहीत. हा त्याच्या कामातला सर्वांत कडू घोट असावा.

चर्चा पुढे सरकली तसे दिसले, की अर्जेंटिनाला खरी धास्ती त्या वाऱ्याने झोडपलेल्या बेटांची नव्हती. बेटांपाठोपाठ येणाऱ्या सागरी हद्दीच्या बळावर चिली अटलांटिक महासागरात शिरेल, हे भय होते. १९८०च्या डिसेंबरात पोपमहोदयांनी प्रस्ताव ठेवला. चिलीने तो स्वीकारला, अर्जेंटिनाने टाळले. १९८३च्या फेब्रुवारीत सामोरे वारले. काम अपुरेच होते. मधल्या काळात अर्जेंटिना फॉकलंडचे युद्ध हरला, तिथली लष्करी राजवट कोसळली आणि नव्या लोकनियुक्त सरकारने जनतेचा कौल घेतला. सुमारे ८२ टक्के लोकांनी होकार दिला. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये तह झाला. बेटे चिलीची राहिली; अटलांटिककडील समुद्राचा मोठा भाग अर्जेंटिनाकडे गेला.

निवाडा हातात असताना चिलीला समुद्र सोडावा लागला, म्हणजे खऱ्यालाच भुर्दंड पडला, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. बेटे तुमची नव्हतीच, असे चिलीकडून वदवून घेतले गेले नाही. स्वतःच्या हक्कातून काही देणे आणि आपला हक्क नव्हताच असे कबूल करणे, या दोहोंत फार मोठे अंतर आहे. पहिले मागता येते. दुसरे मागणारा मध्यस्थ अन्याय करतो, मग त्याचा हेतू कितीही सात्त्विक असो.

हे मी ग्रंथांतून शिकलो नाही. आमच्या वाडीच्या उत्तरेच्या बांधावर तीन हात रुंदीच्या पट्टीवरून माझे वडील आणि थोरले काका यांच्यात दावा चालला होता. नऊ वर्षांनी निकाल वडिलांच्या बाजूने लागला. त्यानंतर काकांकडच्या बायका आमच्या विहिरीवर येईनाशा झाल्या. एका संध्याकाळी एक धर्मगुरू घरी आले. अतिशय सज्जन गृहस्थ. दोघा भावांना समोरासमोर बसवून म्हणाले, “तुम्ही दोघेही हट्टी आहात. दोघांनीही एकमेकांची क्षमा मागा.” वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “फादर, ती पट्टीसुद्धा देतो. पण मी खोटा नव्हतो, एवढं याला म्हणू द्या.” काका काही बोलले नाहीत. धर्मगुरूंना तो वडिलांचा अहंकार वाटला. त्यांनी तसे बोलूनही दाखविले. वडील उठून मागच्या पडवीत गेले आणि तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. पट्टी द्यायला तयार झालेल्या माणसाला आपण गर्विष्ठ ठरविले, हे त्या भल्या गृहस्थांच्या कधी ध्यानी आले की नाही, कोण जाणे.

त्या शुभवर्तमानातल्या माणसाकडेही मी आता निराळ्या नजरेने पाहतो. तुझा वाटा खोटा आहे, असे येशू त्याला म्हणालेला नाही.

आता वाडी माझ्या नावावर आहे. हुकूमनाम्याची नक्कल कपाटात आहे. वडील आणि काका दोघेही दफनभूमीत एकाच ओळीत आहेत. गेल्या उन्हाळ्यात काकांचा थोरला मुलगा कुंपणाशी येऊन उभा राहिला. त्यांची कूपनलिका आटली होती. विहिरीवरून एक पाइप नेऊ का, असे त्याने विचारले. मी लगेच हो म्हटले आणि पाणी आजही जाते आहे. त्या तीन हातांविषयी त्याने एक शब्द बोलावा, असे मला वाटते. ते त्याच्याकडे मागावे की मागू नये, हे मला अजून ठरविता आलेले नाही.