आळशी की उदात्त?

आसक्तीचा त्याग करणे आणि आसक्त होण्याची वाटच नसणे, या दोन गोष्टी एक मानाव्यात काय? विरक्तीचा विचार करताना हा प्रश्न सद्भक्तांच्या मनात येतोच. हेलियम, निऑन, अरगॉन, झेनॉन हे वायू कोणाशी संयोग पावत नाहीत, एकेकट्या अणूच्या रूपात राहतात. त्यांच्याकडे बोट दाखवून 'पाहा, पूर्णाला कोणाची गरज नसते' असे म्हणण्याचा मोह सहज होतो. हा दाखला तपासून घ्यावा.

१८९४ साली रॅले आणि रॅम्झे यांनी हवेतून एक नवा वायू वेगळा केला. तो कशाशीच संयोग पावेना, म्हणून त्याचे नाव पडले अरगॉन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आळशी. पुढे १८९८ मध्ये ह्यूगो एर्डमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने याच कुळाला 'उदात्त वायू' म्हटले. वागणूक तीच; एकाला त्यात आळस दिसला, दुसऱ्याला कुलीनता! आपल्या मराठीतही 'निष्क्रिय वायू' आणि 'राजवायू' अशी दोन्ही नावे आहेत.

खरे कारण या दोहोंत नाही. शाळेत सांगतात की प्रत्येक अणू बाह्य कवचात आठ इलेक्ट्रॉन व्हावेत म्हणून धडपडतो. ही सांगण्याची सोय झाली. अणूला कसली धडपड? हिशेब ऊर्जेचा आहे. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आले की त्यांचे दोन इलेक्ट्रॉन दोघांना बांधणाऱ्या जागी बसतात आणि एकूण ऊर्जा कमी होते. म्हणून रेणू टिकतो. हेलियमच्या दोन अणूंत इलेक्ट्रॉन चार. दोन बांधणाऱ्या जागी बसतात, उरलेल्या दोघांना दूर लोटणाऱ्या जागीच बसावे लागते. मिळकतीपेक्षा खर्च थोडा जास्तच, मग जोडी जमणार कशी? शिवाय हेलियमचा एक इलेक्ट्रॉन काढायला सर्व मूलद्रव्यांत सर्वाधिक, २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, आणि नवा घ्यावा तर जवळपास जागा नाही. याला संतोष म्हणता येत नाही आणि त्यागही म्हणता येत नाही. ज्याला देणे-घेणे शक्यच नाही, त्याने न घेण्यात पुण्य कोणते?

मात्र झेनॉनची गोष्ट निराळी आहे. त्याचा इलेक्ट्रॉन काढायला १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात, हायड्रोजनपेक्षाही कमी. प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन ओढून घेते, हे नील बार्टलेट यांना दिसले होते. ऑक्सिजनच्या रेणूचा आकडाही जवळजवळ तेवढाच! मग १९६२ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे त्यांनी तो लाल वायू झेनॉनमध्ये सोडला. क्षणात पिवळसर-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. तोवर या कुळाला पक्के निष्क्रिय मानले जात होते. झेनॉन बदलला नव्हता. इतका जबर मागणारा त्याला पूर्वी भेटला नव्हता, इतकेच. एखाद्याच्या दारी मोह कधी आलाच नाही, तर त्याची विरक्ती कोणत्या मापाने मोजावी? मला वाटते, ती अजून मोजलीच गेलेली नाही.

२००० साली फिनलंडमध्ये अरगॉनचेही एक संयुग मिळाले, तेही अतिशीत अवस्थेतच टिकणारे. 'निष्क्रिय' हे नाव रसायनशास्त्रज्ञांनी बहुतांशी सोडून दिले आहे. 'उदात्त' मात्र त्यांनी ठेवले.