एसीत बसून दमायला काय होतं?

गेल्या दिवाळीत मी फराळाच्या ताटासमोर बसल्या बसल्या झोपले. हातात अर्धी चकली. मावशी म्हणाली, "अगं, एसीत बसून दमायला काय होतं तुला?" सगळे हसले, मीही हसले. तोच प्रश्न मी वर्षभर स्वतःला विचारत होते.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं. खच्चून भरलेल्या गाडीत पंच वाजवत पुढून मागे जायचं, सुट्ट्या पैशांवरून रोज दहा जणांशी वाद घालायचा. मुक्कामाची गाडी असली की एखाद्या खेड्यात गाडीतल्याच सीटवर आडवं व्हायचं आणि पहाटे पुन्हा डबल बेल. दमणं म्हणजे हे, असं माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं आहे. मी वाकडच्या फ्लॅटमध्ये, कंबरेला आधार देणाऱ्या खुर्चीत बसून कोड लिहिते. बाबांच्या शेवटच्या पगारापेक्षा माझा पहिला पगार जास्त होता. अशा मुलीने 'मला बर्नआउट झालाय' कुठल्या तोंडाने म्हणायचं?

आमची कंपनी मेडिकल दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. सिस्टीम रात्री पडली तर कोणीतरी उठून बघायला हवं, म्हणून आठवडा-आठवडा ऑन-कॉल असतो. फोन उशाशी, आवाज फुल. टीम चौघांची होती. एक सोडून गेला, एकीला दुसऱ्या प्रोजेक्टवर नेलं. त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, फक्त 'लवकरच भरू' असं ठरलं. उरलो मी आणि टीममधला सगळ्यात नवा मुलगा. एक आठवडा त्याचा, एक माझा.

झोप कमी पडतेय, एवढंच मला वाटायचं. शनिवारी बारा तास झोपून पाहिलं. उठल्यावर तेवढीच दमलेली.

मग एका सोमवारी एका तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराचा मेसेज सपोर्टकडून आला. सकाळपासून बिल निघत नाहीये, दुकानात रांग लागलीये, एक म्हातारे गृहस्थ औषध न घेताच परत गेले. मी टीमच्या ग्रुपवर लिहिलं, 'काकांना म्हणावं, पाटी-पेन्सिल घ्या.' अकरा जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. संध्याकाळी तो मेसेज मी पुन्हा वाचला. 'साहेब, कृपया बघा' अशी सुरुवात होती. ते परत गेलेले म्हातारे गृहस्थ डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. काहीच वाटलं नाही. दया नाही, लाज नाही. मी घाबरले ते त्या 'काहीच नाही'ला.

त्या रात्री अर्थातच गुगल केलं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मनात तुटलेपणा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. पहिली मला माहीत होती. दुसरी माझ्या पाटी-पेन्सिलीच्या जोकमध्ये होती. संघटना याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. आणि 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने हा शब्द अभ्यासात आणला, तेव्हा तो एसीतल्या लोकांबद्दल बोलत नव्हता. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात दिवसाचं काम संपवून सेवा द्यायला येणाऱ्यांबद्दल बोलत होता, स्वतःला धरून.

तेव्हा लक्षात आलं की मी प्रश्नच चुकीचा विचारत होते. 'मला दमायचा अधिकार आहे का?' जणू थकवा रेशनवर मिळतो आणि माझं कार्ड पिवळं नाही, केशरी आहे. बाबांच्या थकव्याशी तुलना करून मी माझा थकवा नाकारत होते, पण म्हणून तो जात नव्हता, दुसऱ्या कोणावर तरी निघत होता. डुलक्या येणारा ड्रायव्हर 'मला काही होत नाही' म्हणून गाडी हाणतो, त्याला आपण शूर म्हणत नाही. मागे चाळीस माणसं बसलेली असतात.

(मध्येच एक सांगते. मी डॉक्टरांकडेही गेले. हिमोग्लोबिन 9.1 निघालं. म्हणजे थोडा बर्नआउट आणि थोडं लोह. आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर असले लेख वाचत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.)

दहा दिवसांची सुट्टी काढून बार्शीला घरी गेले. पहिले तीन दिवस नुसती झोपले. चौथ्या दिवशी पहाटे पाण्याला उठले तर स्वयंपाकघरात दिवा चालू. आई माझ्यासाठी थालीपिठाचं मळत होती, कारण आदल्या रात्री मी सहज म्हणाले होते की खावंसं वाटतंय. माझी विश्रांती तिच्या पाच वाजता उठण्यातून येत होती. आणि त्याच दिवशी फोनवर टीममधल्या मुलाचा रात्री 3:10 चा मेसेज सापडला. एक तांत्रिक प्रश्न, आणि खाली, 'सॉरी, तू सुट्टीवर आहेस, विसरलो.' माझा आठवडाही तोच ओढत होता. मी थांबले होते, काम थांबलं नव्हतं. ते फक्त खाली घसरून दुसऱ्या दोघांच्या अंगावर गेलं होतं.

बाबांना विचारलं, "तुम्ही दमायचात का हो?"

"दमायचो की. पण डेपोत पैसे भरले, वेबिल दिलं, की गाडी डोक्यातून उतरायची. पुढचा कंडक्टर चढायचा." मग थोडं थांबून म्हणाले, "पण पुढचा हजर असावा लागतो. त्यासाठी संघटना भांडते."

पुढचा हजर असावा लागतो. मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाला आठवतात तसे, एका ओळीपुरते. या वेळी नीट वाचले. स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. मुंबईच्या गिरणी कामगारांना ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. 1884 पासून सभा, निवेदनं, सह्या असं चालू राहिलं आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. मागणीत दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीचाही समावेश होता. मला वेगळं वाटलं ते हे, की त्यांनी थकलेल्यांसाठी सुट्टी मागितली नाही, सगळ्यांसाठी मागितली. कोण खरंच दमलंय हे कोणाला सिद्ध करावं लागलं नाही, आणि एकाची सुट्टी दुसऱ्या कामगाराच्या मानेवर पडली नाही. अर्थात गिरणी बंद असली तरी घरची चूल चालूच होती. तिथला रविवार कोणी मागितला नाही.

सॉफ्टवेअरची गिरणी बंद करता येत नाही, हे कबूल. रात्री औषध लागणारच कोणाला तरी. परत गेल्यावर मी आणि त्या मुलाने मिळून एक कंटाळवाणं काम केलं: मागच्या तीन महिन्यांत फोन किती वेळा वाजला ते मोजलं. 143 वेळा. त्यांतल्या 96 वेळा कोणी उठायची गरजच नव्हती. ते अलर्ट बंद केले. उरलेल्यांचा तक्ता घेऊन दोघं मॅनेजरकडे गेलो. मी आधी दोनदा एकटी गेले होते, तेव्हा मला योगा सुचवला होता. दोघं गेल्यावर तिसरा माणूस मिळाला. दोन महिने लागले, पण मिळाला.

त्या दुकानदारांना फोन केला. जोकबद्दल त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. बिल नीट निघतंय ना, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः फोन केलात!" ते ऐकून मात्र लाज वाटली. चांगलीच वाटली.

घरचं गाडं अडकलंय. महिन्यातून एका रविवारी मी जाते, तेव्हा स्वयंपाक मी आणि बाबा करायचा असं ठरलंय. आई दर दहा मिनिटांनी येऊन गॅस बारीक करून जाते.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला माझा ऑन-कॉल संपतो. काय बिघडलं, काय अर्धवट आहे, कशावर लक्ष ठेवायचं, ते पाच-सहा ओळींत पुढच्याला लिहून देते. टीममध्ये त्याला आता सगळे वेबिलच म्हणतात. गेल्या शुक्रवारी ते पाठवलं, फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावला आणि दार ओढून झोपले. रात्री दोनदा उठून बघून आले.