ताठ पाठीचा सजदा



नमाज ही जशी अंतःकरणाची उपासना आहे, तशीच ती शरीराचीही आहे. कियाममध्ये दास उभा राहतो, रुकूत झुकतो आणि सजद्यात कपाळ जमिनीवर टेकवतो. परंतु ज्याची पाठ वाकतच नाही, त्याने काय करावे? स्कोलिओसिसची शस्त्रक्रिया झालेले तरुण आणि त्यांचे आईवडील हा प्रश्न काळजीने विचारतात. त्यामागे आणखी एक भीती दडलेली असते : आपली उपासना अपुरी तर राहत नाही ना?

प्रथम हा विकार समजून घेऊ. यात पाठीचा कणा एका बाजूस वळतो आणि वळताना मणके स्वतःभोवती पिळलेही जातात. एक खांदा वर दिसतो. पुढे वाकल्यावर पाठीच्या एका बाजूस उंचवटा येतो. एक्स-रेवर हा बाक 10 अंश किंवा अधिक भरला, तर त्यास स्कोलिओसिस म्हणतात. बहुधा तो वाढीच्या वयात लक्षात येतो आणि बहुतांश मुलांमध्ये त्याचे निश्चित कारण सापडत नाही. तो दप्तराच्या ओझ्याने होत नाही, कोणाची नजर लागल्याने होत नाही, की आईने गरोदरपणी ग्रहण न पाळल्यानेही होत नाही. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी दोहोंचा संबंध जोडला. शोकात असतानाही प्रेषितांनी तो स्पष्ट शब्दांत नाकारला. मग आपण मुलीच्या वाकड्या कण्याचा दोष तिच्या आईच्या माथी कोणत्या आधारावर मारतो?

बाक कमी असेल तर डॉक्टर केवळ लक्ष ठेवतात. मध्यम असेल आणि वाढ चालू असेल तर पट्टा देतात. साधारण 45 ते 50 अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिच्यात मणक्यांना स्क्रू आणि धातूच्या सळया बसवून हाडाचे तुकडे भरतात, जेणेकरून ते मणके जुळून एकसंध हाड व्हावे. ही जुळणी पक्की होण्यास अनेक महिने, कधी वर्षही लागते. तेवढा भाग पुढे कायम ताठ राहतो. मात्र खुबे, गुडघे आणि न जोडलेले मणके वाकतातच. म्हणून अनेक जण पुढे चालतात, पोहतात, नोकरी करतात. अनेक स्त्रिया माताही होतात. 2009 साली बर्लिनमध्ये 100 मीटर अंतर 9.58 सेकंदांत धावणारा उसेन बोल्ट याच्याही कण्याला बाक आहे.

आता नमाजकडे वळू. अल्लाह कोणत्याही जिवावर त्याच्या कुवतीपलीकडे भार टाकत नाही, हे तत्त्व सूरह अल्-बकराच्या अखेरच्या आयतीत आले आहे. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांनी नमाजविषयी विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) शिकवले की उभे राहून नमाज अदा करावी, ते न जमल्यास बसून, तेही न जमल्यास कुशीवर. म्हणजे नमाज सुटली नाही. तिची रीत सोपी झाली.

त्यानुसार शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी वाकण्यास मनाई केली असेल, तोवर इशाऱ्याने रुकू व सजदा करावा; सजद्याचा इशारा रुकूपेक्षा अधिक खाली असावा. उशी उचलून कपाळाला लावू नये. मनाई उठल्यावर पाठ ताठ ठेवून खुब्यातून जमेल तितका रुकू करावा आणि शक्य असेल तर जमिनीवर सजदा करावा. जो उभा राहू शकतो, पण सजदा करूच शकत नाही, त्याला हनफी मतानुसार बसून इशाऱ्याने नमाज अदा करता येते. शाफई मतानुसार त्याने कियाम सोडू नये. कोकणात शाफई व देशावर हनफी पद्धत अधिक रूढ असल्याने दोन मशिदींत दोन उत्तरे मिळू शकतात. गोंधळू नका, आपल्या इमामांना आपली प्रकृती नीट सांगून विचारा.

येथे दोन टोके टाळावीत. पहिले म्हणजे वेदना सोसून, डॉक्टरांची मनाई मोडून वाकणे. आपल्या शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. दुसरे म्हणजे बरे झाल्यावरही सवयीने खुर्ची न सोडणे. सवलत गरजेपुरतीच असते, हा फिकहचा नियम आहे.

माझ्या बंधूंनो, भगिनींनो, ज्यांच्या पाठीवर तो लांब व्रण आहे, त्यांनी एक शुभवार्ता मनात जपावी. सहीह बुखारीतील हदीसचा आशय असा की आजारी पडलेल्या दासाच्या नावे तो निरोगी असताना करत असलेल्या सत्कर्मांइतके पुण्य नोंदले जाते. म्हणजे काल तुम्ही करत होता त्या पूर्ण सजद्यांचा मोबदला आजच्या इशाऱ्यातही आहे. मक्केचे थोर विद्वान अता बिन अबी रबाह पायाने अधू होते. तरीही हजच्या काळात लोक धर्मनिर्णयासाठी त्यांच्याकडेच येत.

आणि निरोगी असणाऱ्यांनो, कर्तव्य तुमचेही आहे. सफेत कोणी अर्धवट झुकलेला दिसला, तर टोकू नका, निरखू नका. मुलीचा खांदा वर दिसला, तर स्थळे येणार नाहीत या भीतीने ओढणीखाली झाकू नका. वेळेत डॉक्टरांना दाखवा. झाकण्यात गेलेले प्रत्येक वर्ष वाढीच्या वयातले असते, आणि त्याच वर्षांत बाक वाढतो. स्थळ आले तर खरे तेच सांगा. अल्लाह आपल्या रूपाकडे नव्हे, तर अंतःकरणाकडे व कर्मांकडे पाहतो, असे मानणाऱ्या समाजाने सून निवडताना निराळा मापदंड का लावावा?

कणा सरळ असूनही ज्याचे मन कोणापुढे झुकत नाही, त्याने आपल्या सजद्याची चिंता करावी. ज्याची पाठ झुकत नाही, पण मन झुकले आहे, त्याने निश्चिंत असावे.

हे अल्लाह, आमच्यातील आजारी जनांना आरोग्य दे, त्यांच्या मातापित्यांना धीर दे, आणि आम्हा सर्वांचे अपुरे रुकू व सजदे स्वीकार. आमीन.