सत्तरीतली एबीसीडी

काशीत एक म्हातारा व्याकरणाची सूत्रे घोकत बसला होता. ते पाहून आद्य शंकराचार्यांनी त्याला गोविंदाला भज म्हणून बजावले, अशी चर्पटपंजरिका स्तोत्रामागची परंपरागत कथा आहे. मरण दाराशी आले की धातुपाठ कामी येत नाही, हा तिचा गाभा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात सत्तरीच्या आजींनी इंग्रजीचे पहिले अक्षर गिरवायला घेतले, तर शंकराचार्यांचे नाव न घेताही लोक हेच बोलतात. गोवऱ्या मसणात गेल्या आणि आता एबीसीडी कसली? देवाचे नाव घ्यावे, नातवंडांत रमावे. या बोलण्याला टोमणा म्हणून झटकून टाकू नये, कारण त्यामागे धर्माचा खरा प्रश्न आहे. आयुष्याच्या शेवटी आवरते घ्यायचे असेल, तर नवी विद्या घेणे ही आसक्ती म्हणायची की साधना? मी तिला साधना मानतो.

त्या कथेतल्या म्हाताऱ्याचा दोष अभ्यासात नव्हता. पांडित्याच्या आड लपून तो मरणाकडे पाठ फिरवून बसला होता, विद्या गाठीला बांधत होता. उतारवयात कोरी पाटी घेऊन बसणाऱ्याच्या गाठीला काय बांधले जाते, ते जवळून पाहावे. पन्नास वर्षे घर, शेत, आंब्या-फणसाचा हिशेब सांभाळलेल्या बाईला लहान लिपीतला बी आणि डी ओळखू येत नाही. पोट कुठल्या बाजूला, यावर गाडी अडते. मराठीत लिहिले तसे वाचायची सवय, आणि इथे नाइफ लिहिताना आधी के लिहायचा पण तो उच्चारायचा नाही! व्ही आणि डब्ल्यू दोन्हींचा तोंडात ‘व’च होतो. वयाबरोबर कानांना बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स आणि फ यांतला फरक निसटतो. कालचा शब्द आज आठवत नाही, आणि ही सगळी चूक नातवाच्या वयाच्या शिक्षकासमोर होते. अहंकार सोडावा हे कीर्तनात ऐकून मान डोलावणे सोपे असते. इथे तो रोज तासभर प्रत्यक्ष सोडावा लागतो. जपमाळेइतकीच ही शिस्त मनाला नमवते, असे मला वाटते.

याचा पुरावा याच जिल्ह्याच्या मातीत आहे. देवरुखला १८७० साली जन्मलेल्या पार्वतीबाई आठवले ऐन तारुण्यात विधवा झाल्या, वीस वर्षांच्या झाल्यानंतर शिकू लागल्या आणि मेहुणे धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. इंग्रजी येत नाही ही त्यांची सल होती. १९१८ साली, अठ्ठेचाळीसच्या वयात, त्या भाषेसाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. त्या काळच्या एका ब्राह्मण विधवेने परक्यांच्या घरची भांडी घासावीत! विद्येसाठी मान-अपमान खाली ठेवणे याला आपल्याकडे दुसऱ्या संदर्भात वैराग्य म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, पार्वतीबाईंपुढे आश्रमाचे काम होते, आयुष्यही शिल्लक होते; सत्तरीत शिकून फळ कधी मिळणार? रत्नागिरीतच जन्मलेल्या टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात पन्नाशी उलटल्यावर जर्मन आणि फ्रेंच शिकायला घेतली. तिथेच लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी ज्ञान झाल्यावरही कर्म सुटत नाही, सुटू नये, असा पक्ष मांडला. या मार्गावर सुरू केलेला प्रयत्न वाया जात नाही, असे गीतेचा दुसरा अध्याय सांगतो. तिथे विषय योगाचा आहे, इंग्रजीचा नव्हे, हे मान्य. पण फळ पदरात पडेल की नाही हे न बघता जे मनापासून शिकतात, त्यांच्या इतके त्या वृत्तीच्या जवळ कोण असेल? बी.ए. झालेला तरुण नोकरीसाठी इंग्रजी शिकतो. आजींना कोणी नोकरी देणार नाही.

अर्थात उपयोगही आहेच. गोळ्यांच्या स्ट्रिपच्या कडेला मुदतीची तारीख असते, कित्येकदा शाई नसलेला नुसता ठसा. दुकानदाराने चारच गोळ्या कापून दिल्या तर ती कड त्याच्याकडेच राहते. हे ओळखून “तारखेचा तुकडा दाखवा” म्हणणारी म्हातारी कोणावर ओझे होत नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप भाषेच्या गुलामीचा आहे. औषधावर, यंत्रावर, बँकेच्या कागदावर मराठी का नाही, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारत राहिलेच पाहिजे. पण त्याचे उत्तर येईपर्यंत थांबायला सत्तरीच्या माणसाकडे वेळ नाही. शिवाय गुलामी अक्षरांत नसते. इंग्रजी येणारा तो शहाणा, या समजुतीत असते. अक्षरे स्वतः गिरवली की ती भीड चेपते. म्हणून शिकवणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. सफरचंदाच्या चित्रांचे बालवाडीचे पुस्तक त्यांच्यापुढे ठेवणे हा अपमान आहे. भाषा कोवळी असली तरी माणूस पिकलेला आहे. सुरुवात त्यांच्या स्ट्रिपपासून, एसटीच्या तिकिटापासून, परगावच्या नातीच्या निरोपापासून व्हावी, आणि “सोपं तर आहे” हे वाक्य वर्गात कोणी उच्चारू नये, कारण त्यांच्यासाठी ते सोपे नसते.

रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. ही परंपरा सांगणाऱ्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाचनालयांनी दुपारचा एक तास, मोठ्या अक्षरांचा एक फळा आणि पाठ टेकता येईल अशा दहा खुर्च्या या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात. तास मात्र दिवेलागणीच्या आत संपवावा. घरी जाऊन त्यांना देवापाशी दिवा लावायचा असतो.