गांठ आणि सैल सांधा

आपल्या ठायीं जें उणें दिसतें, त्याची मनुष्यानें लाज धरावी काय? हा प्रश्न पुष्कळांच्या मनास टोंचीत असतो. आम्ही हातानें लांकूडकाम करणारे लोक आहों. आमच्या धंद्यांतून याचें जें उत्तर सुचतें, तें वाचकांपुढें ठेवितों.

फळीस गांठ असते. झाडास जेथें फांदी फुटली होती, तेथें ती राहते. तो सुताराचा दोष नव्हे व झाडाचाही नव्हे. तिच्याभोंवतीं लांकडाच्या शिरा वळलेल्या असतात, म्हणून रंधा रेटून चालविला तर ढलपी उडते. जाणता कारागीर पातें बारीक लावितो, बाजू बदलून हात चालवितो, आणि जेथें भार यावयाचा तेथें गांठ येऊं देत नाहीं.

तसेंच, बाभळीनें सागवान होऊं पाहूं नये. सागास वाळवी सहसा लागत नाहीं, म्हणून तो दाराखिडक्यांस योग्य. परंतु लांकडी चाकांच्या बैलगाडीचा तुंबा बाभळीचा करीत, कारण दगडधोंड्यांचे धक्के सोसण्याचा चिवटपणा तिच्यांत आहे. दाराशेजारीं ठेवून पाहिली तर ती ओबडधोबड. चाकांत बसविली तर सगळें ओझें तिच्यावर.

मनुष्याचेंही असेंच आहे. कोणाचा पाय अधू, कोणाची वाणी अडखळती, कोणास अक्षरओळख उशिरां झालेली. ह्या गांठी होत. त्यांवर रंगाचे थर चढविणें व्यर्थ आहे. त्या ओळखून काम नेमावें.

परंतु येथें एक सावधगिरी पाहिजे. कुसूं सैल बसलें, खुर्ची डगमगूं लागली, आणि सुतार म्हणाला, “हातचें काम, असें व्हायचेंच,” तर तें खरें नव्हे. ती गांठ नव्हे, ती हयगय. त्याचप्रमाणें जो आपल्या रागावर किंवा आळसावर “माझा स्वभावच असा” म्हणून पांघरूण घालितो, त्यानें स्वतःस स्वीकारिलें असें होत नाहीं. त्यानें घरच्यांस डगमगती खुर्ची बसावयास दिली, एवढेंच.

मग भेद कसा ओळखावा? गांठ रंध्यानें जात नाहीं. सैल सांधा मात्र उकलून, पाचर मारून घट्ट करितां येतो. जें लांकडाबरोबर आलें त्याचा मान राखावा. जें हाताकडून राहिलें तें पुन्हां हातीं घ्यावें.

वाचकहो, आपापलें मन तपासून पाहा: ज्याची आपणांस लाज वाटते ती केवळ गांठ तर नाहीं ना? आणि ज्याची मुळींच वाटत नाहीं, तो सैल सांधा तर नाहीं ना?