पान आणायला गेलेला माणूस

२०२५ च्या पावसाळ्यात महिन्याभराच्या अंतराने दोन निकाल लागले. २ जुलैला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी संगीत-उद्योगातला एकेकाळचा सम्राट शॉन कोम्ब्ज ऊर्फ डिडी याच्या खटल्यात ज्यूरीने निर्णय दिला. १ ऑगस्टला इथे बंगळुरात विशेष न्यायालयाने हासनचा माजी खासदार प्रज्वल रेवण्णा याला बलात्काराच्या खटल्यात दोषी ठरवलं.

माझी भाची मल्लेश्वरमला माझ्याकडे राहते. आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार ख्यालाची तालीम, असा तिचा क्रम आहे. दुसऱ्या निकालाच्या रात्री जेवताना तिने सहज विचारलं, "मामा, तुझ्या क्लासात असलं काही नव्हतं ना रे?" मी म्हणालो, "छे, आमच्या वेळी तसं काही नव्हतं." आणि आमटी वाढून घेतली.

ते उत्तर खोटं होतं. हे लिहायला बसलो ते त्यामुळे.

आधी कोम्ब्जबद्दल. १९९३ मध्ये त्याने 'बॅड बॉय' ही कंपनी काढली आणि पुढची वीस वर्षं कोण गाणार, कोणाचं गाणं बाजारात येणार, हे ठरवणाऱ्या मोजक्या माणसांत तो होता. कॅसी व्हेंचुरा ही गायिका एकोणिसाव्या वर्षी त्याच्या कंपनीशी करारबद्ध झाली. करार दहा आल्बमांचा होता. प्रत्यक्षात निघाला एक, २००६ साली. पुढे दहाएक वर्षं ती त्याच्यासोबत होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने मारहाण आणि लैंगिक अत्याचाराचे आरोप करत दावा लावला, आणि दुसऱ्याच दिवशी तडजोड होऊन तो मिटला. जगाने बातमी वाचली आणि पान उलटलं.

मे २०२४ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका हॉटेलच्या कॅमेऱ्याने २०१६ मध्ये टिपलेलं चित्रण सीएनएनने दाखवलं. त्यात कोम्ब्ज तिला मारताना, फरफटत नेताना दिसतो. महिन्याभरात हॉवर्ड विद्यापीठाने त्याला दिलेली मानद पदवी काढून घेतली आणि न्यूयॉर्क शहराने त्याला दिलेली मानाची किल्ली परत मागितली. सप्टेंबरमध्ये त्याला अटक झाली. ते चित्रण दाबण्यासाठी आपल्याला एक लाख डॉलर मिळाले, अशी साक्ष हॉटेलच्या सुरक्षा कर्मचाऱ्याने पुढे खटल्यात दिली.

या तारखा मी मुद्दाम ओळीने मांडल्या. नोव्हेंबर ते मे या काळात आरोप बदलला नाही, बाईही तीच होती. बदललं एवढंच, की "आम्हाला कुठे माहीत होतं?" असं म्हणायची सोय संपली. अशा माणसाच्या पडण्याला आपण सत्याचा विजय म्हणतो. पण सत्य तर आठ वर्षं एका कॅमेऱ्यात होतंच. बघितलं नाही असं म्हणणं जोवर स्वस्त होतं, तोवर तो माणूस उभा होता.

खटल्याचा निकाल अनेकांना अर्धवट वाटला. कट-कारस्थान आणि लैंगिक शोषणासाठी मानवी तस्करी या गंभीर आरोपांतून ज्यूरीने त्याला सोडलं. वेश्याव्यवसायासाठी माणसांची ने-आण केल्याच्या दोन आरोपांत दोषी धरलं. ३ ऑक्टोबरला न्यायाधीश अरुण सुब्रमण्यन यांनी पन्नास महिन्यांची कैद आणि पाच लाख डॉलर दंड सुनावला. बचावपक्षाने मारहाण नाकारलीच नव्हती. त्यांचं म्हणणं असं, की बाकीचं जे झालं ते तिच्या मर्जीने झालं, तिचे संदेश बघा. ज्यूरीपुढे जो पुरावा आला त्यावर तिने निर्णय दिला. ती प्रक्रिया मी मानतो. पण न्यायालयाचा प्रश्न संपतो तिथे आपला संपत नाही. आपला प्रश्न असा: ज्या घरातून बाहेर पडायचं दार एकाच माणसाच्या हातात आहे, त्या घरात उच्चारलेल्या 'हो'ला किती वजन द्यायचं? ज्याच्या कपाटात तुमचे नऊ आल्बम अडकलेत, त्याला प्रेमाचा संदेश पाठवणं हे कशाचं लक्षण मानायचं?

या प्रश्नावर आपल्या कायद्याने एक भूमिका घेतलेली आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने बलात्काराच्या गंभीर प्रकारांत शिक्षक, विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानावरची व्यक्ती आणि स्त्रीवर नियंत्रण वा वर्चस्व असलेली व्यक्ती यांचा स्पष्ट उल्लेख केला. अशा खटल्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि स्त्रीने न्यायालयात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर ती नव्हती असं न्यायालय गृहीत धरतं. हे गृहीतक खोडून काढायची संधी आरोपीला असते. रेवण्णाला जन्मठेप झाली त्यातलं एक कलम वर्चस्वाचंच आहे. तक्रारदार त्याच्या कुटुंबाच्या फार्महाउसवर काम करणारी बाई होती, आणि तो माजी पंतप्रधानांचा नातू. दोन्ही निकालांविरुद्ध अपिलं झाली आहेत, तेव्हा शेवटचा शब्द अजून यायचा आहे. पण 'हो' म्हणणाऱ्याचा गळा कोणाच्या मुठीत आहे ते आधी बघा, हे तत्त्व मला योग्य वाटतं.

आणि इथे मला आमचं गाणं आठवतं. गंडाबंधन होतं तेव्हा शिष्य करारावर सही करत नाही, मनगट पुढे करतो. त्यानंतर राग कोणता शिकायचा, मैफलीत मागे तंबोऱ्यावर कोणी बसायचं, स्वतंत्र बैठक कधी मिळायची, हे सगळं एकाच माणसाच्या मर्जीवर. या नात्यातून जे सोनं निघालं ते मी ऐकत मोठा झालो, त्याला नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण हीच रचना वाईट माणसाच्या हाती गेली तर तिला कुठेही ब्रेक नाही, हेही तितकंच खरं आहे. २०१८ मध्ये आरोपांनंतर चेन्नईच्या म्युझिक अकॅडमीने डिसेंबरच्या महोत्सवातून सात कलाकारांना वगळलं. २०२० मध्ये भोपाळच्या ध्रुपद संस्थानातल्या गुरूंवर विद्यार्थिनींनी लैंगिक छळाचे आरोप केले. दोन्ही वेळा रसिकांचा पहिला उद्गार एकच होता: "अहो, पण गातात काय!" जणू तो सूर म्हणजे चारित्र्याचा दाखला.

आता माझी गोष्ट. उत्तर कर्नाटकातल्या एका शहरात मी पंधरा ते वीस या वयात एका बुवांकडे शिकत होतो. सात-आठ जणांचा वर्ग होता आणि त्यात एक मुलगी आमच्या सगळ्यांच्या पुढे होती. तालीम संपली की बुवा तिला थांबवून घ्यायचे, 'जागा नीट बसवायला'. मला म्हणायचे, "जा रे, पान घेऊन ये." पानाची टपरी दोन मिनिटांवर होती. मी अर्ध्या तासाने परत यायचो. लवकर येऊ नकोस असं मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच ते कळलं होतं.

एके दिवशी ती यायची बंद झाली. घरच्यांनी लग्न ठरवलं असेल, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते बरं वाटलं. त्या वर्षी गणेशोत्सवात बुवांनी मला पहिली बैठक दिली. ती खरं तर तिची होती.

त्या खोलीत काय झालं ते मी पाहिलेलं नाही. मी आजही शपथेवर काही सांगू शकणार नाही. कित्येक वर्षं मी याच वाक्याच्या आडोशाला बसलो: मला माहीत नव्हतं. पण माहीत नसणं आणि माहीत करून न घेणं यात फरक आहे. ज्याला खरंच काही माहीत नसतं, तो दोन मिनिटांत पान घेऊन येतो. अर्धा तास टपरीवर थांबणाऱ्याला काहीतरी माहीत असतं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. संशयावरून एखाद्या गुरूचं आयुष्य उद्ध्वस्त करायचं का? नाही. बुवांना दोषी ठरवणं हे माझं काम नव्हतंच, त्यासाठी न्यायालयं आहेत. पण न्यायाधीश होणं आणि टपरीवर थांबणं या दोनांच्या मध्ये पुष्कळ जागा होती. मी पान घेऊन लगेच परतू शकलो असतो. तालमीनंतर दारात चपला घालत रेंगाळू शकलो असतो. तिला विचारू शकलो असतो, "घरापर्यंत सोबत येऊ का?" यातल्या एकाही गोष्टीने निर्दोष माणसाचं काडीचं नुकसान झालं नसतं. पुराव्याची अट शिक्षेला असते, सोबतीला नसते. आपण या दोहोंची गल्लत करतो, कारण त्या गल्लतीत आपली बैठक शाबूत राहते.

अशा खटल्यांनंतर 'आता त्याची गाणी ऐकावीत का' यावर भरपूर चर्चा होते. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. त्यात सगळं लक्ष आपल्या कानांच्या शुद्धतेवर असतं. जी गाणी निघालीच नाहीत त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही. त्या नऊ आल्बमांत काय असतं कोण जाणे. आमच्या वर्गातल्या त्या मुलीचा मारवा कुठवर गेला असता, तेही आता कोणाला कळणार नाही. तिने पुढे गाणं ठेवलं की सोडलं याची चौकशीसुद्धा मी केली नाही.

पुढच्या रविवारी भाची तालमीला निघाली तेव्हा मी तिला थांबवलं आणि हे सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "तिचं नाव काय होतं?" मी नाव सांगितलं. चाळीस वर्षांत ते माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. भाची काही बोलली नाही, पिशवी उचलून गेली. संध्याकाळी आली तेव्हा म्हणाली, "आमच्या क्लासात दोन लहान मुली सगळ्यात शेवटी उरतात. आजपासून मी त्यांच्याबरोबर निघते."